आक्षेप माझा होता

दादा, तो आक्षेप वसंतकाकांनी घेतला नव्हता. मी घेतला होता.

हे एवढंसं वाक्य तुमच्या तोंडावर बोलायला मला नऊ महिने मिळाले. रोज संध्याकाळी तुम्ही माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन स्टुलावर बसायचात, पेपर उलटापालटा करायचात, आमदार-खासदारांना नावं ठेवायचात आणि जाताना "चल गो रेखा, उद्या बघू" म्हणायचात. नऊ महिने मी त्या 'उद्या'वर ढकलत राहिले. आता तुम्ही जाऊन अकरा दिवस झालेत आणि मला कंठ फुटलाय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, गाडी गेल्यावर स्टँडवर धावणारं पॅसेंजर मी लय बघितलंय.

रविवारी शहापूरला तुमची शोकसभा आहे. पक्षाच्या मंडळींनी मला सांगितलंय, दादांवर चार पानं लिही, आपण छापून वाटू. काय लिहायचं तेही सांगितलंय. विधानसभेच्या मतदानादिवशी वसंताने आक्षेप घेऊन वाडीच्या बायकांना कसं परत पाठवलं आणि दादा त्याच्याशी कसे एकटे भिडले, तो प्रसंग घे म्हणाले. पुढे पंचायत समितीच्या निवडणुका लागणार, तेव्हा कामाला येईल. तुमच्या जागी तालुक्याचं काम मी बघावं असंही त्यांच्यात जवळजवळ ठरलंय. म्हणजे मी व्यासपीठावर उभं राहून वसंतकाकांच्या नावाने बोटं मोडायची आणि खाली उतरून तुमच्या खुर्चीवर बसायचं.

मी ते करणार नाही. काय करणार ते अजून मलाही नीट माहीत नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहितेय.

आपल्या पक्षात मी कशी आले? तुम्हाला एसटीच्या पेन्शनचा कुठलासा फॉर्म भरून हवा होता. मी भरून दिला. तुम्ही तो वाचला आणि म्हणालात, "अक्षर बरं हाय तुझं. आमच्याकडं चांगलं अक्षर असलेला एक पण मानूस नाय." मला हसू आलं आणि मी फसले. पुढच्या रविवारी मी तुमच्याबरोबर टोकावड्याच्या बाजारात पत्रकं वाटत होते. चिन्ह होतं खाट. ढाब्यावरचे लोक ओरडायचे, "खाटवाले आले रे, पडा आता आडवे!" तुम्ही चिडायचा नाहीत. "आडवे पडा, पन उठून मतदानाला जा," म्हणायचात. तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, शहापूर-मुरबाड पट्ट्यात तुम्हाला ओळखत नाही असं कोणी नव्हतं. मतं मात्र ओळखीवर पडत नाहीत हे तुम्हाला दर निवडणुकीला नव्याने कळायचं.

आपलं भांडणही पहिल्या दिवसापासूनचं. मी म्हणायचे, निवडणूक केंद्राच्या आत राखायची असते. यादी, खुणा, सह्या, सील. आत आपला माणूस डोळ्यांत तेल घालून बसला नाही तर बाहेर कितीही घसा फोडा, उपयोग नाही. तुम्ही म्हणायचात, निवडणूक बाहेर असते. माणसाला घरातून उठवून शाळेच्या दारापर्यंत आणणं, हेच काम. "तू कागदी बाई हायस," म्हणायचात. "मी भाकरी-कालवनाचा मानूस." हे भांडण आपण चहावर किती वेळा केलं असेल. ते कधीच संपलं नाही, आणि आता मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं.

त्या वर्षी तुम्हाला एकच हौस होती. आमदार आपला होणार नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण आमच्या गावच्या शाळेतल्या त्या एका केंद्रावर तरी खाट पहिली यावी. कारण त्या केंद्रावर वाडीची मतं होती. वाडीवरच्या कातकरी घरांसाठी तुम्ही वीस वर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, दाखले काढले होते, पाण्याची टाकी आणली होती. "एकदा तरी कागदावर दिसू दे, वाडी कुनाच्या बाजूनं हाय ती," असं तुम्ही म्हणालात. कागदावर म्हणालात, म्हणून मला ते फार आवडलं.

अडचण अशी की दिवाळी झाली की अर्धी वाडी भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जाते. मतदान दिवाळीनंतर. गेलेल्यांच्या नावावर दुसरंच कोणी येऊन मत टाकून जातं, हा आमच्याकडचा जुना अनुभव. म्हणून तुम्ही आणि मी दोन संध्याकाळ वाडीवर दारोदार फिरून यादी केली. जो भट्टीवर गेलाय त्याच्या नावापुढे लाल खूण. तुम्ही मला बजावलंत, "लाल खुनंवर कोन आला की हात वर कर. दोन रुपये भर नि आक्षेप घे. घाबरू नको." मी ती यादी पाठ केली होती, दादा. बारावीलाही इतका अभ्यास केला नव्हता.

पहाटे साडेपाचला मी खाटेची मतदान प्रतिनिधी म्हणून शाळेत पोचले. मोबाइल आत चालत नाही म्हणून घरीच ठेवला. आधी चाचणी मतदान झालं. सगळ्या प्रतिनिधींनी मिळून यंत्रावर पन्नासेक मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला थोडी थोडी, मग ती पुसून यंत्र सील करायचं. तिथे तेवढी आपली खाट मोठ्या पक्षांच्या बरोबरीत असते, म्हणून मला तो अर्धा तास आवडतो. मग आम्ही बाकावर बसलो. मोठे पक्ष आधी, आपण शेवटी, दाराजवळ. माझ्या शेजारी वसंतकाका, समोरच्या पक्षाचे. तुमचे सापगावच्या शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी डबा उघडून मला घावन दिलं. मी घेतलं नाही. विरोधी पक्षाचं घावन आहे म्हटलं. ते हसले.

मला माहीत नव्हतं की आदल्या दिवशी तुम्ही भिवंडीला गेला होतात. भट्टीच्या शेठशी तासभर हुज्जत घालून, मतदानाची सुट्टी कायद्याने द्यावी लागते हे त्याच्या गळी उतरवून, वाडीच्या बायकांना अर्धा दिवस सोडवून आणलं होतंत. शेठचा ट्रक त्यांना सकाळी आणून सोडणार आणि दहाला परत घेऊन जाणार. येतील की नाही याची तुम्हालाच खात्री नव्हती. म्हणून मला बोलला नाहीत. यायच्या आधी गाजावाजा नको, असा तुमचा कंडक्टरी स्वभाव.

नऊ वाजून गेले होते. पहिल्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याने नाव पुकारलं, "सोनी काळू मुकणे."

माझ्या पेन्सिलीखाली लाल खूण आली. मी वर पाहिलंसुद्धा नाही आधी. हात वर गेला.

"साहेब, आक्षेप."

मग पाहिलं. डोक्यावरून पदर, उन्हाने रापलेला चेहरा, गालफडं बसलेली. यादीतला फोटो काळाकुट्ट, त्यात कोणीही बसलं असतं. केंद्राध्यक्षांनी तिच्याकडचं आधार कार्ड मागितलं. कार्डावर नाव होतं सुनीता काळूराम मुकणे. मी म्हटलं, "बघा साहेब, नाव पण वेगळं आहे."

वसंतकाका वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "अगो, ही सोनीच हाय. काळूची बायको. बघ तरी तिच्याकडं."

दादा, तुम्ही तरी काय समजला असतात? लाल खुणेवर बाई आलीय, कार्डावर नाव निराळं, आणि समोरच्या पक्षाचा माणूस तिची ग्वाही देतोय. मला वाटलं, पकडलं. आज पकडलं यांना.  मी खणखणीत आवाजात म्हटलं, "काका, तुम्ही तुमचं बघा," आणि दोन रुपये टेबलावर ठेवले.

केंद्राध्यक्ष नवखे होते. गावची मतदारयादी बघणारा बीएलओ येऊन ओळख पटवेल तोवर बाजूला उभ्या राहा, म्हणाले. बीएलओ कुठे होता कोण जाणे, माणूस पाठवला. ती भिंतीला टेकून उभी राहिली. रांग थांबली. दारात तिच्यामागे वाडीच्याच बायका होत्या, दहा-अकरा असतील. आता मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले. दुसरीला मी ओळखत होते. तिसरीच्या रेशनकार्डाचा फॉर्म मी भरला होता. तिच्याही नावापुढे लाल खूण होती. म्हणजे भट्टीवरून आल्यात या. सगळ्याच.

तेव्हा मी उठायला हवं होतं. "साहेब, माझी चूक झाली, आक्षेप मागे घेते," एवढंच म्हणायचं होतं. सात शब्द. मी घड्याळाकडे बघत बसले. साडेनऊ. पावणेदहा. बाकावर पाचजण बसलेत, साहेब बघतायत, मघाशी एवढ्या तोऱ्यात बोललेली मी आता कोणत्या तोंडाने उठू, हेच डोक्यात. बीएलओ येईलच, तो सांगेल, सुटेल, असं मी मनाला समजावत होते.  वसंतकाका नुसते माझ्याकडे बघत राहिले.

रस्त्यावरून ट्रकचा हॉर्न आला. एकदा, दोनदा, मग लांबलचक.

सोनीने भिंत सोडली. "राहू दे सायेब," म्हणाली. "नाय टाकायचं मला मत." बोटाला शाई न लागता ती दाराबाहेर गेली आणि तिच्यामागे सगळी रांग वळली. पाच मिनिटांनी बीएलओ धापा टाकत आला.

पुढचं तुम्ही पाहिलंत, मी नाही. शाळेपासून लांब आपल्या टेबलावरून तुम्ही ट्रकच्या मागे धावलात, सत्तरीच्या वयात. फळीला धरून विचारलंत, काय झालं गो? कोणीतरी वरून सांगितलं, आतल्या मानसानं आक्षेप घेतला. आतला माणूस म्हणजे वसंता, हे तुम्ही तिथेच ठरवून टाकलंत. दुसरं कोण असणार? आत आपली रेखा होती ना.

सहाला मतदान संपलं. सील लागलं, सह्या झाल्या, आम्ही बाहेर आलो. तुम्ही फाटकाबाहेर उभे होतात. मी तुम्हाला त्याआधी कधी शिवी देताना ऐकलं नव्हतं. सगळ्या गावासमोर तुम्ही वसंतकाकांची गचांडी धरलीत. "गरिबाच्या बायकांना अडवतोस? एका बाकावर बसून शिकलो आपन, नि असा निघालास?" काकांनी हात झटकला नाही. त्यांनी फक्त मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला बोलायला जागा करून दिली त्यांनी, दादा. पुरेसा वेळ दिला. माझ्या खिशात त्या दोन रुपयांची पावती होती, माझ्या नावाची. मी जमिनीकडे बघितलं. काका म्हणाले, "झालं तुझं बोलून?" आणि सायकल घेऊन निघून गेले.

निकाल लागला तेव्हा त्या केंद्रावर खाट दुसरी आली, सात मतांनी. तुम्ही तो आकडा पेनाने हातावर लिहून घेतला होतात. मी घरी जाऊन पावतीचे तुकडे चुलीत टाकले.

मी तुमच्यावर रागावलेही आहे, ते पण सांगते. आता कसली भीड. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की, रेखा, तू आत होतीस, वसंताने आक्षेप घेतला तेव्हा तू काय करत होतीस? तिकिटाचा एक पंच चुकला तर डेपोत जाऊन मिटवणारे तुम्ही. हा प्रश्न तुम्हाला पडला नसेल असं मला वाटत नाही. विचारलं असतंत तर मी खोटं बोलले नसते. बहुतेक. का विचारलं नाहीत? उत्तर माहीत होतं म्हणून, की ते ऐकायचं नव्हतं म्हणून? मला यातलं काहीही चालेल, पण आता कोण सांगणार.

आणि तरी, दादा, मला माणसात तुम्हीच आणलंत. त्याआधी मी त्या दुकानात काचेमागे बसून लोकांची नावं लिहायचे आणि मान वर करायचे नाही. तुमच्यामुळे वाडीवर गेले, चटणी-भाकर खाल्ली, सभेत बोलायला शिकले, तहसीलदाराला "हे लिहून द्या" म्हणायला शिकले. उपकार म्हटलं तर तुम्हाला राग येईल, पण तेच आहेत. म्हणूनच तोंड उघडलं नाही. तुम्ही "कागदी बाई" म्हणायचात ते चालायचं, पण ते खरं ठरलेलं तुम्हाला दिसायला नको होतं.

तुम्हाला न्यायला वसंतकाका आले होते. नऊ महिन्यांत तुमच्या घराची पायरी न चढलेला माणूस खांदा द्यायला पुढे झाला. आपली पोरं त्यांना मागे सारायला निघाली तेव्हा तुमच्या थोरल्याने अडवलं. नदीवरून परतताना ते माझ्या बरोबरीला आले.

"सांगितलंस त्याला?"

"नाही, काका."

त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "मला वाटलं सांगितलं असशील. तो माझ्याकडं येईल, म्हून वाट बघत होतो." एवढं बोलून ते पुढे गेले. 

त्यांच्यासाठीच हे आधी लिहायला हवं होतं. शोकसभेत मी हाच कागद वाचणार आहे. त्याआधी तो घेऊन काकांच्या घरी जाणार आहे. मंडळींनी छापला तर छापला, नाही तर मी माझ्या मशीनवर काढून वाटेन. तालुक्याची खुर्ची ज्याला हवी त्याने घ्यावी.

पण त्याही आधी काल मी वाडीवर गेले. सोनी भाताची आवणी करून नुकतीच आली होती, पाय चिखलाचे, दारात बसून नखं साफ करत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. म्हटलं, सोनी, त्या दिवशी आक्षेप मी घेतला होता. वसंतकाकांनी नाही.

तिने मान वर केली नाही. "मला काय आंधळी समजतेस? समोर तर उभी होते मी. तुझाच हात वर होता."

"मग दादांना का नाही सांगितलंस? ते ट्रकमागे धावत आले होते."

"कुनीतरी सांगितलं ना, आतल्या मानसानं. खरंच ना ती? तू आतलीच." मग म्हणाली, "वसंताशेठ बोलला असता तर मी भांडले असते गो. तितंच पदर खोचून भांडले असते. आपलंच मानूस बोललं, 'ही ती नाय', मग कुनाशी भांडू? घरी गेले."

मी म्हटलं, कार्डावर नाव वेगळं होतं, म्हणून मला... तिने मला पुरतं बोलू दिलं नाही.

"सुनीता तूच केलीस ना मला? दुकानात. आधारचा फारम भरताना. सोनी लिव्हलं तर बरं नाय दिसत, बोललीस. मी बोलले, लिव्ह तुला काय लिव्हायचं ती."

दादा, मला आठवत नाही. किती फॉर्म भरले असतील. असं मी किती जणींना केलं असेल तेही आठवत नाही. मी तिच्या अंगणात रडले. तिने रडू दिलं, उगाच समजूत घातली नाही. आत जाऊन कोरा चहा ठेवला, कपात ओतून माझ्यासमोर सरकवला.

"दादा गेला. आता तितं आत कोन बसनार?" तिने विचारलं.

मी म्हटलं, मी तरी नाही.

"मग मी बसंन. सही येते मला, दादानंच शिकवली. पुढच्या टायमाला तू रांगेत ये."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि माझ्या नावात काही चूक निघाली तर?"

सोनीने तेव्हा पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"निघू दे. मी आधी तोंड बघंन."